अंगरख्याच्या सात गाठी

“पातं आपल्याकडं वडू नको, अक्का. लांब ने. आन् घाई न्हाय करायची. पानाला कळता कामा नये.”

कल्लप्पा बाइंडर जाऊन सहा वर्षं झाली होती, तरी हातात पातं घेतलं की दानेश्वरीला त्यांचं हे बोलणं ऐकू येई. वाळवी लागलेली, शाई सांडलेली पानं पुस्तकातून कशी काढायची, हे त्यांनीच तिला शिकवलं होतं. आज समोर होतं ते पुस्तक मात्र कोरं करकरीत होतं. तिनं ते शिवणीपाशी उघडलं, पोलादी पट्टी दाबून धरली आणि पातं लांब नेलं. एक कागद सुटला. मग दुसरा. सातवा सुटला तेव्हा तिच्या कपाळावरच्या विभूतीत घाम उतरला होता. आपण वाचनालयाचं दार आतून लावून घेतलंय, हे तेव्हा तिच्या लक्षात आलं. बावीस वर्षांत बाइंडिंग करताना तिनं ते कधी लावलं नव्हतं.

पुस्तक भाग्यलक्ष्मी येमूलचं होतं. शहराच्या पूर्व भागातली, विणकराच्या घरातली मुलगी. दहा वर्षांची असताना वडिलांचं बोट धरून बाळीवेशीतल्या या महिला वाचनालयात आली, तेव्हा तिला मराठी अडखळत येत होतं; घरात सगळं तेलुगू. दानेश्वरीनं तिला परीकथांचं कपाट दाखवलं. दोन वर्षांत तिनं ते संपवलं. आता ती सत्तावीस वर्षांची होती, एका टॉवेलच्या कारखान्यात संगणकावर नक्ष्या काढायची, आणि तिची पहिली कादंबरी छापून आली होती. ‘काळगडची विणकरीण’. पहिली प्रत तिनं नव्या टॉवेलात गुंडाळून आणली आणि दानेश्वरीच्या पाया पडली.

“अक्का, आधी तुम्ही वाचा. मग वाचक मंडळात घ्या. बायका काय म्हणतात, ते मला ऐकायचंय.”

दानेश्वरी तीन दुपारी वाचत बसली. काळगड नावाचं शहर, तिथं शापामुळे कुणालाच झोप नाही. तारांगी नावाची विणकरीण, तिच्या मागावर झोप विणली जाते. आणि वीरकेतू, तिचं गाव जाळणारा सेनापती. दानेश्वरी एवढी रमली होती की दुसऱ्या दुपारी चहा करायचा राहिला. एकशे शहाण्णवाव्या पानावर तारांगी हातात कात्री घेऊन वीरकेतूच्या तंबूत शिरली. दानेश्वरीची नजर समोरच्या पानावर गेली. नवं प्रकरण होतं, ‘सात गाठी’.

‘तिनं त्याच्या अंगरख्याची पहिली गाठ सोडली. तो हलला नाही.’

तिनं पुस्तक मिटलं. पुन्हा उघडलं आणि प्रकरणाचं शेवटचं पान तिरक्या नजरेनं पाहिलं. उघडी पाठ, तिच्यावर तारांगीचा तळवा, विझवलेला दिवा. तिच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या. मंडळातल्या सातही जणी तिच्या डोळ्यांसमोर आल्या. मग भाग्याची आई आली. पोरीसाठी स्थळं बघणं चाललं होतं. उद्या कुणी हे पान दाखवून विचारलं, की मुलगी हे लिहिते, तर? पोरीच्याच भल्याचं आहे, असं तिनं स्वतःला सांगितलं, आणि मग कल्लप्पांचं पातं खणातून काढलं.

प्रकरणांना आकडे नव्हते, नुसती नावं होती. चौदा पृष्ठं गेली तरी एक प्रकरण संपून दुसरं लागत होतं. पानांचे आकडे तेवढे एकशे शहाण्णववरून दोनशे अकरावर उडी मारत होते. ते कोण बघतंय!

कापलेले कागद मात्र तिला टाकवले नाहीत. अक्षर छापलेला कागद तिनं जन्मात केरात टाकला नव्हता. चुकून पाय लागला तरी ती वाकून नमस्कार करायची. सात कागद तिनं एका जुन्या हजेरीपटात घातले आणि कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवून दिले. उरलेलं पुस्तक तिनं वाचलं नाही. वाचायला घेतलं की त्या कापलेल्या जागी बोट जाई.

*

श्रावणातल्या दुसऱ्या गुरुवारी मंडळ बसलं. एकच प्रत दोन महिने सात घरांतून फिरून आली होती आणि कोपऱ्यांना मऊ झाली होती.

मंडळाचा एक नियम होता. लेखक हजर असेल तर त्यानं ऐकायचं, उत्तर द्यायचं नाही. फार वर्षांपूर्वी एका कवीनं एका ओळीच्या टीकेला दीड तास उत्तर दिलं होतं आणि भजी गार झाली होती. तेव्हापासून हा नियम. भाग्यलक्ष्मी सतरंजीच्या कडेला वही घेऊन बसली होती. तिनं नवा ड्रेस घातला होता. त्याची घडी अजून मोडली नव्हती.

“मी खरं सांगू का?” रत्नम्मांनी चष्मा काढला. त्या निवृत्त शिक्षिका. त्यांनी चष्मा काढला की सगळ्या गप्प बसत. “पहिली दोनशे पानं मी एका बैठकीत वाचली. दूध उतू गेलं. सून दोनदा येऊन बघून गेली, सासूला काय झालं म्हणून. ते झोप हरवलेलं शहर, तो माग... लई झकास. आणि मग एकदम काय बिनसलं, काय की.”

“मी सांगते की,” हेमावती म्हणाली. ती बँकेत होती, मंडळात सगळ्यात लहान. “उरकलंय. आदल्या पानावर ही कात्री घेऊन त्याचा गळा कापायला निघते. समोरच्या पानावर एकदम सकाळ! आणि ही चुलीपुढं बसून त्याला भाकरी थापून घालते.”

“त्यानं हिचं गाव जाळलंय बरं का,” सुंदरम्मा म्हणाल्या. “माझ्या जावेनं इस्त्री करताना माझी एक इरकल जाळली, तर मी वर्षभर तिच्याशी बोलले नाही.”

सगळ्या हसल्या. भाग्यलक्ष्मीही हसली आणि वहीत काहीतरी लिहिलं.

“हसू नका, सुंदरम्मा बरोबर बोलतात,” हेमावती म्हणाली. “असल्या कादंबऱ्या मी मोबाइलवर ढीगभर वाचल्यात. शाप असू दे, उडते घोडे असू देत, झोप मागावर विणू दे. मी सगळं मानायला तयार असते. पण वैऱ्यावर जीव का जडला, तेवढं मला पटवून द्यायचं. बाकी सगळं खोटं चालतं, तेवढं एक खरं लागतं. तेच नेमकं गाळलं, तर आपल्याला फसवून पुढं ढकलल्यासारखं वाटतं.”

‘गाळलं’ हा शब्द ऐकून दानेश्वरीनं हातातला चहाचा ट्रे खाली ठेवला.

“आणि तो अंगरखा!” सुंदरम्मांना अजून बोलायचं होतं. “थंडी काय, बर्फ काय, लढाई काय, हा बाबा आपला शेवटच्या पानापर्यंत उघड्या छातीनं. गाठी बांधायला हात मोडले होते काय याचे? बनियनच्या जाहिरातीतला असतो की, तसा!”

आता हसणं थांबेना. रत्नम्माही हसल्या, मग त्यांनी चष्मा लावला आणि आवाज मऊ केला.

“भाग्या, वाईट वाटून घेऊ नको. तू गुणी मुलगी आहेस. तुला ह्या सवंगपणाची गरज नव्हती, एवढंच माझं म्हणणं. सारखं काय ते उघडं अंग?”

भाग्यलक्ष्मीनं तोंड उघडलं. मग नियम आठवून मिटलं आणि मान हलवली.

“दानेश्वरी, तू काहीच बोलली नाहीस,” रत्नम्मा वळल्या. “तुला कशी वाटली?”

श्रावण महिनाभर खोटं बोलायचं नाही, हा दानेश्वरीचा लग्नाच्या आधीपासूनचा नेम. दुकानदाराला सुट्टे नाहीत असंसुद्धा ती म्हणत नसे.

“मी... पूर्ण नाही वाचली, बाई.”

“तिला कशाला वाचायला लावता?” सुंदरम्मा म्हणाल्या. “तिचं आपलं सिद्धेश्वर एके सिद्धेश्वर. हिच्यापुढं तो उघड्या अंगाचा येऊन बसला, तर ही त्याला आधी सदरा शिवून देईल.”

*

सगळ्या गेल्यावर सतरंजीची घडी घालायला भाग्यलक्ष्मी मागं थांबली. दोघींनी दोन टोकं धरली.

“अक्का, सात गाठींबद्दल कुणीच बोललं नाही.”

दानेश्वरीनं टोक छातीशी धरलं.

“ते प्रकरण मी अकरा वेळा लिहिलं होतं. बाकीची कादंबरी दोनदा, तेवढं अकरा वेळा.” भाग्यलक्ष्मी पुढं आली, तिच्या हातात आपलं टोक दिलं आणि घडीचा मधला भाग उचलला. “एखादीनं वाईट आहे म्हटलं असतं तरी चाललं असतं. सातजणी वाचतात आणि एकीच्याही ते डोळ्यांत भरत नाही. हेमावतीताई म्हणाल्या, का जीव जडला ते लिहिलंच नाही. मी तेच लिहिलंय, असं मला वाटत होतं.” ती थोडी हसली. “तुमचं मराठी माझं नाही, म्हणून असेल. मला दिसतं ते कागदावर उतरत नसेल.”

“असं नको म्हणू.”

“दुसरा भाग अर्धा झालाय. आता थांबवते. बाबांना वाटतच होतं, कारखान्यातून आल्यावर डोळे फोडून घेते म्हणून.”

सतरंजी कपाटाशेजारी ठेवून ती गेली. जाताना रोजच्यासारखं “येते अक्का” म्हणाली.

दानेश्वरी खुर्चीवर बसली. ती खोटं बोलली नव्हती. सकाळपासून एकही शब्द खोटा नव्हता, आणि तिला आज पहिल्यांदा त्या नेमाची लाज वाटली.

संध्याकाळचे सहा वाजले होते. खाली बाजारात फुलांच्या पुड्या बांधणं चाललं होतं. तिनं स्टूल घेतलं, हजेरीपट खाली काढला आणि उभ्या उभ्याच वाचायला लागली.

वीरकेतू जागा होता. काळगडात कुणीच झोपत नाही, तर तो कसा झोपेल? त्यानं कात्री पाहिली होती. तो म्हणाला, गळा मोकळा आहे. पण आधी अंगरखा सोड, आत काय आहे ते बघ. त्याच्या अंगरख्याला सात गाठी होत्या आणि प्रत्येक गाठीत त्यानं जाळलेलं एकेक गाव बांधलेलं होतं. गाठ सोडली की त्याला त्या गावाचं खरं खरं सांगावं लागे, आणि सोडणारीला ते ऐकावं लागे. सुटलेली गाठ पुन्हा बांधता येत नसे. तारांगी पहिली गाठ सोडते. दुसरी सोडते. विहिरीत टाकलेल्या पाळण्याचं ऐकते. चौथ्या गाठीला तिच्या हातातली कात्री कधी खाली पडली, ते तिलाही कळत नाही. सातव्या गाठीवर तो हात ठेवतो. ही राहू दे, म्हणतो. ते तिचं गाव असतं. ती त्याचा हात बाजूला करते.

‘मी तुला माफ केलेलं नाही,’ शेवटी तारांगी म्हणते. ‘पण आता हे तुला एकट्याला ठाऊक नाही.’

दानेश्वरीनं स्टुलाचा आधार घेतला आणि त्यावरच बसली. उरलेली दोन पृष्ठं होती. तिला वाटलं होतं ते त्यात होतं. उघडी पाठ होती, तळवा होता, विझवलेला दिवा होता, आणि दिवा विझल्यानंतरचंही होतं, दीड पान. तिनं तेही वाचलं. तिचे कान तापले. पण त्यातली एक ओळसुद्धा काढावी असं तिला वाटलं नाही. पहाटे तो माणूस झोपला होता. त्या शहरात शंभर वर्षांत झोपलेला पहिला माणूस. आणि तारांगी त्याच्यासाठी भाकरी थापायला उठली होती.

म्हणून भाकरी. म्हणून तो पुढं बर्फातही उघड्या छातीनं फिरत होता.

सवंगपणा तिनं कापला नव्हता. तिच्या कापण्यानं तो आला होता, आणि भाग्याच्या नावावर जमा झाला होता. दानेश्वरीनं पदर तोंडावर धरला. खोलीत कुणी नव्हतं, तरी धरला.

*

शुक्रवारी सकाळी तिनं डाव्या तळहातावर इष्टलिंग घेतलं. डोळे स्थिर होईनात. पूजा आटोपून, नाश्ता न करताच ती रिक्षानं पूर्व भागात गेली.

येमूलांच्या घरात पुढच्या खोलीत दोन यंत्रमाग धडधडत होते. भाग्यलक्ष्मीचे वडील मागापाशी उभे होते, आई खाली बसून कांड्या भरत होती. भाग्यलक्ष्मी कारखान्यात निघायच्या तयारीत, केस विंचरत बाहेर आली.

“अक्का? तुम्ही इतक्या लांब? बसा ना.”

दानेश्वरी बसली नाही. तिचा आवाज मुळातच वाचनालयाचा. समोरच्या खुर्चीच्या पुढं तो जात नसे.

“तुझं प्रकरण मी कापलं.”

“काय म्हणालात? माग चालू आहेत, ऐकू नाही आलं.”

“सात गाठी. बायकांना दिसलं नाही कारण ते पुस्तकात नव्हतं.”

भाग्यलक्ष्मीनं कानाला हात लावून जवळ मान आणली. “कशात नव्हतं?”

“पुस्तकात नव्हतं!” दानेश्वरी ओरडली. एवढ्या मोठ्यानं ती लेकाच्या लग्नातही बोलली नव्हती. “मी पात्यानं कापून काढलं! बायकांना द्यायच्या आधी! मला लाज वाटली म्हणून!”

आईनं कांडीवरून मान वर केली, लेकीकडे पाहिलं, आणि पुन्हा खाली घातली. वडील मागामागून बाहेर डोकावले. भाग्यलक्ष्मीचा कंगवा केसांतच राहिला होता.

तिनं दानेश्वरीला आतल्या खोलीत नेलं आणि दार लोटलं. आवाज थोडा कमी झाला. तिनं अडकलेला कंगवा केसांतून ओढून काढला.

“वाचलं होतंत?”

“दोन ओळी. आणि शेवटचं पान, तिरकं. पूर्ण काल वाचलं, तू गेल्यावर.”

“कसं आहे?”

दानेश्वरीनं वर पाहिलं. पोरीचे डोळे भरले होते, नाक लाल झालं होतं, आणि ती खरंच उत्तराची वाट पाहत होती.

“सातव्या गाठीनंतर मी उभी राहू शकले नाही,” दानेश्वरी म्हणाली. “स्टुलावर बसले.”

भाग्यलक्ष्मीनं ओढणीनं तोंड पुसलं. मग एकदम चिडली.

“दोन महिने, अक्का! काल मी तिथं बसले होते. बनियनची जाहिरात म्हणाल्या मला. आणि तुम्ही चहा देत होतात!”

“हो.”

“दुसऱ्या कुणी केलं असतं तर मी समजू शकले असते. मला पहिलं पुस्तक तुम्ही हातात दिलंत.”

“मला वाटलं, तुझ्या लग्नाचं...” दानेश्वरी थांबली. “नाही. माझीच लाज होती. तुझं नाव पुढं केलं.” तिनं पदराचं टोक सोडलं. “आजच जोडून देते. खळ करून ठेवलीय. कुणाला कळणारसुद्धा नाही, असं जोडते.”

“तेच नकोय मला.”

भाग्यलक्ष्मी खिडकीशी गेली. बाहेर वाळत घातलेले टॉवेल एका रांगेत होते.

“कुणाला कळणार नाही असं नका जोडू. सातही जणींना कळायला पाहिजे. आणि पानं त्यांच्या हातात देऊन यायचं नाही. तुम्ही वाचून दाखवायचं.”

“मी?”

“तुम्ही. एकेकीच्या घरी जाऊन. मोठ्यानं.”

“सगळं?”

“सगळं. ते दीड पानही.”

दानेश्वरीचा हात आपोआप कपाळाकडे गेला. तिला रत्नम्मांचा दिवाणखाना आठवला, भिंतीवरचे त्यांच्या यजमानांचे, सासऱ्यांचे फोटो. सुंदरम्मांचं घर म्हणजे दुकानाच्या मागची एकच खोली, गिऱ्हाइकाला आतलं सगळं ऐकू जाणारी. भाग्यलक्ष्मी पाठमोरीच होती. ती आपल्या नकाराची वाट बघतेय, असं तिच्या खांद्यांवरून वाटत होतं.

“वाचते,” दानेश्वरी म्हणाली.

“काय? ऐकू नाही आलं.”

“वाचते म्हटलं. सातही जणींना. शब्द दिला तुला.”

भाग्यलक्ष्मीनं मान हलवली. कामाला उशीर होतोय म्हणाली. नेहमीसारखं “येते अक्का” काही म्हणाली नाही.

दुपारी एकला वाचनालय बंद करून दानेश्वरीनं रत्नम्मांना फोन लावला.

“बाई, घरी आहात?”

“आहे की. का गं?”

“येऊ का? थोडं वाचायचंय तुमच्यापुढं.”

“ये ना. पण आज घर भरलंय हं. दुधनीहून लेक आली, जावई आलेत, विहीणबाईसुद्धा आल्यात. सगळे जेवून हॉलमध्येच पडलेत. शरणांची वचनं आणतेस का? सगळ्यांना ऐकव की मग. श्रावणात तेवढंच पुण्य.”

दानेश्वरीनं फोन एका कानावरून दुसऱ्या कानावर घेतला. उद्या येते म्हणणं काही खोटं झालं नसतं.

“वचनं नाहीत, बाई,” ती म्हणाली. “कादंबरी आहे. असू देत सगळे. येते मी.”

तिनं कुलूप ओढून पाहिलं आणि चपला घातल्या. जिना उतरताना पहिलं वाक्य तिनं तोंडातल्या तोंडात म्हणून पाहिलं. तिचं तिलाच ऐकू आलं नाही. शेवटच्या पायरीवर थांबून तिनं ते पुन्हा म्हटलं, तेव्हा समोरच्या बांगड्यांच्या दुकानातल्या बाईनं मान वर करून पाहिलं. दानेश्वरीनं पदर सारखा केला आणि उन्हात पाऊल टाकलं.